घरच्या वर्कशॉपसाठी ड्रिल मशीन कसे निवडावे

टेबलावर किंवा जमिनीवर पक्के बसवलेल्या ड्रिल मशीनचा मुख्य गुण म्हणजे सरळ भोक. हातात धरायचे ड्रिल कितीही चांगले असले तरी धरणारा हात दोन-तीन अंश कलतोच. तीन मि.मी. जाडीच्या पट्टीत हा कल कळतही नाही. पण ४० मि.मी. जाडीच्या बाभळीच्या लाकडात तीन अंशांचा कल असला, तर भोक पलीकडच्या बाजूने दोन मि.मी. सरकून निघते आणि दोन तुकड्यांतून आरपार घालायचा बोल्ट मध्येच अडतो. उभ्या मशीनमध्ये बिट कॉलमला समांतर, एकाच रेषेत खाली येते. किती खोल जायचे ते आधी ठरवता येते आणि दाब देण्याचे काम हँडलची तरफ करते. म्हणून असे मशीन विकत घेताना ते किती सरळ चालते आणि दाबाखाली किती डगमगते, हे सगळ्यांत आधी तपासावे. हॉर्सपॉवर, वेगांची संख्या आणि रंगरूप त्यानंतर.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत घरच्या वर्कशॉपमध्ये येणारे काम बरेचसे ठरलेले आहे. पेरणीयंत्राच्या फणाला नवी पट्टी जोडणे, कुळवाची पास बसवणे, ट्रॉलीच्या मागच्या फळक्याचे बिजागर बदलणे ही शेतीची कामे. कूलरचे स्टँड, खिडकीची ग्रिल, गच्चीवरच्या सोलर पॅनेलची चौकट ही अँगल-पट्टीची कामे. किनवटच्या बाजूला सागवान असल्याने लाकूडकामाची हौस असलेली घरेही पुष्कळ आहेत. त्यांना कपाटाच्या दारात ऑटो हिंज बसवण्यासाठी ३५ मि.मी. व्यासाचे, सपाट तळाचे भोक लागते. नांदेडला कृपाणीची मूठ बसवणाऱ्या कारागिराला पात्याच्या शेपटात रिव्हेटसाठी तीन-चार मि.मी.चे नेमके भोक हवे असते. आयटीआय किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सर्किट बोर्डात एक मि.मी.चे भोक पाडायचे असते. ही सगळी कामे एकाच मशीनवर सारखी चांगली होत नाहीत. काही कामांना तर हे मशीन लागतच नाही. ठिबकच्या पाइपला शेतात भोके पाडायची किंवा भिंतीत खुंटी ठोकायची, तर हातातले ड्रिलच बरे. तेवढ्यासाठी जड मशीन घेऊन जागा अडवू नये.

दुकानात जाण्यापूर्वी मागच्या वर्षभरात घरी कोणकोणती भोके पाडावी लागली, किंवा बाहेर फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन पाडून आणावी लागली, ते कागदावर लिहून काढावे. त्यातून तीन आकडे हाती लागतात: लोखंडात पाडलेले सर्वांत मोठे भोक, सर्वांत जाड वस्तू आणि कडेपासून सर्वांत आत असलेले भोक. हे तीन आकडे खिशात असले की विक्रेत्याशी बोलणे सोपे जाते. नाहीतर तो मोठ्यातले मोठे मशीन पुढे करतो आणि घरात ते वर्षभर अर्धेही वापरले जात नाही.

आपल्याकडे ड्रिल मशीन १३, २० किंवा २५ मि.मी. अशा मापाने विकले जाते. या आकड्याचा मूळ अर्थ, साध्या मऊ पोलादात ते मशीन एवढ्या व्यासापर्यंतचे भोक पाडू शकते, असा आहे. हलक्या बांध्याच्या काही मशीनवर मात्र १३ किंवा १६ हा आकडा बिट धरणाऱ्या चकचे तोंड केवढे उघडते एवढेच सांगतो. चकमध्ये १३ मि.मी.चे बिट मावणे आणि ते १० मि.मी. जाड पट्टीतून पार जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावे की माइल्ड स्टीलमध्ये केवढे भोक पडते, आणि शक्य असेल तर समोर पाडून दाखवायला सांगावे. सोबत १० मि.मी. जाडीचा पट्टीचा तुकडा नेला तर उत्तम.

दुसरे माप चकच्या मध्यापासून कॉलमपर्यंतचे अंतर. परदेशी धाटणीच्या मशीनवर आठ इंच, दहा इंच असे लिहिलेले असते, ते या अंतराच्या दुप्पट असते. आठ इंची मशीनवर कॉलमपर्यंत फक्त चार इंच, म्हणजे सुमारे १०० मि.मी. जागा मिळते. ३०० मि.मी. रुंदीच्या प्लेटच्या बरोबर मध्यभागी भोक पाडायचे असेल तर निदान १५० मि.मी. अंतर लागेल. पेरणीयंत्राची पट्टी अरुंद असते, तिला ही अडचण नाही. कपाटाच्या दाराला हिंजचे भोक कडेजवळ असते, तिथेही नाही. प्लेटा, पत्रे आणि रुंद फळ्या हाताळणाऱ्याने मात्र हे अंतर टेपने मोजूनच पैसे द्यावेत.

तिसरे माप चक एका दमात किती खाली येतो याचे. लहान मशीनवर ते ५० मि.मी.च्या आसपास असते, मोठ्यांवर ८० किंवा अधिक. ७५ मि.मी. जाडीच्या बाभळीच्या दांड्यात आरपार भोक पाडताना ५० मि.मी. पुरत नाहीत. मध्येच टेबल वर घ्यावे लागते आणि गोल कॉलमवर टेबल वर-खाली केले की ते थोडे फिरतेही, मग बिट पुन्हा त्याच भोकात नीट उतरत नाही. लाकूडकाम करणाऱ्याने या मापात काटकसर करू नये.

आता बांध्याकडे वळू. चांगल्या ड्रिल मशीनचा पाया, टेबल आणि डोके बिडाचे ओतीव असते. बीड जड असते आणि थरथर शोषून घेते. १३ मि.मी.चे म्हणून विकले जाणारे आयात केलेले हलके मशीन एक माणूस काखेत मारून नेऊ शकतो, तर त्याच मापाचे देशी बिडाचे मशीन उचलायला दोघे लागतात. पातळ पत्र्याचे टेबल, पोकळ नळीचा बारीक कॉलम आणि ॲल्युमिनियमचे डोके असलेले मशीन लाकूड, प्लास्टिक, सर्किट बोर्ड यांना चालते. लोखंडात १० मि.मी.चे भोक पाडताना मात्र त्याचे टेबल पुढून खाली झुकते आणि डोके मागे ढकलले जाते. हे दुकानातच पाहता येते. मशीन बंद ठेवून चकमध्ये एक जाड दांडा धरावा, टेबलावर लाकडी ठोकळा ठेवावा, हँडल ओढून दांडा ठोकळ्यावर जोराने दाबावा आणि बाजूने कॉलमकडे पाहावे. डोके आणि टेबल यांच्यातले अंतर डोळ्यांना दिसेल इतके फाकले, तर ते मशीन लोखंडासाठी घेऊ नये.

बेंच ड्रिल घ्यावे की जमिनीवर उभे राहणारे पिलर ड्रिल, याचा निर्णय मुख्यतः कामाच्या उंचीवर आणि जागेवर आहे. लांब दांड्याच्या टोकाला उभे भोक पाडायचे असेल तर पिलर मशीनवर टेबल बाजूला फिरवून दांडा जमिनीपासून उभा धरता येतो. बेंच मशीनवर ते जमत नाही. घरी नेहमी २० मि.मी.च्या आसपासची भोके लागत असतील तरच पिलर मशीनचा खर्च वसूल होतो. बाकी बहुतेक घरांना बिडाचे, १३ मि.मी. क्षमतेचे, ठणठणीत बेंच ड्रिल पुरते. त्याच पैशात कमजोर बांध्याचे मोठे मशीन मिळत असले तरी मजबूत लहान मशीनच घ्यावे.

सर्वांत जास्त वेळ स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा आस, तपासण्यात घालवावा, कारण पुढे मशीनमध्ये जवळपास सगळे बदलता येते, स्पिंडल आणि त्याचे घर मात्र सहसा बदलता येत नाही. यासाठी तीन तपासण्या आहेत आणि तिन्हींना मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात.

पहिली तपासणी ढिलाईची. हँडल ओढून चक शेवटपर्यंत खाली आणावा, तिथे धरून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने चक पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावा. टकटक असा आवाज आला किंवा हाताला खेळ जाणवला, तर स्पिंडलची नळी घरात सैल आहे. नव्या मशीनमध्ये हा दोष असेल तर ते तिथेच सोडावे. जुन्यात किंचित खेळ चालतो, कारण पुष्कळ मशीनमध्ये तो आवळण्यासाठी बाजूने स्क्रू असतो.

दुसरी तपासणी चक डुलतो का याची. एखादा नवा, सरळ, गोल दांडा चकमध्ये घट्ट धरावा. सिल्व्हर स्टीलचा तुकडा मिळाला तर छान, नाहीतर १० मि.मी.च्या नव्या बिटाची मागची गुळगुळीत बाजू खाली करून धरली तरी चालते. लोहचुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावून त्याचे टोक दांड्याला टेकवावे आणि चक हाताने सावकाश फिरवावा. काटा एका फेरीत ०.०५ मि.मी.च्या आत हलला तर घरच्या कामाला मशीन उत्तम. ०.१ मि.मी.पेक्षा जास्त हलला तर बारीक भोके मोठी पडतील आणि तीन मि.मी.ची बिटे मोडत राहतील. डायल गेज नसेल तर दांड्याशेजारी एखादी सुई जवळजवळ टेकेल अशी उभी करावी, मागे पांढरा कागद धरावा आणि दांडा फिरवताना मधली फट कमी-जास्त होते का ते पाहावे. फट बदलताना दिसली तर चक काढून स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या भोकाला गेज लावावा. तिथे काटा स्थिर राहिला, तर दोष चकचा आहे आणि चक बदलून मिळतो. तिथेही काटा हलला, तर दोष स्पिंडलचा आहे आणि त्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही.

तिसरी तपासणी टेबल आणि स्पिंडल काटकोनात आहेत का याची. जाड तार काटकोनात वाकवून, मग तिचे टोक पुन्हा खाली वळवून, तिचा उभा भाग चकमध्ये धरावा. टोक टेबलाच्या पुढच्या कडेजवळ जेमतेम टेकेल इतपत टेबल वर घ्यावे. मग चक हाताने फिरवून टोक डावीकडे, मागे आणि उजवीकडे न्यावे. सगळीकडे ते सारखेच टेकले पाहिजे. डावी-उजवीकडे फरक दिसला तर काळजी नको, टेबल त्या दिशेला कलवून बोल्ट आवळता येतो. पुढे-मागे फरक दिसला तर मात्र तो दोष ओतकामात किंवा मशीनिंगमध्ये राहिलेला असतो. टेबलाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून तो झाकता येतो, पण नव्या मशीनला अशी ठिगळे का लावावीत? दुसरे मशीन उघडून पाहावे.

वेगाच्या बाबतीत विक्रेते कमाल वेग आणि वेगांची संख्या सांगतात. घरच्या लोखंडी कामात उपयोगी पडतो तो किमान वेग. एचएसएस बिटाने साध्या पोलादात भोक पाडताना बिटाची कड मिनिटाला सुमारे २५ मीटर चालली पाहिजे. याचा हिशेब तोंडी करता येतो: आठ हजाराला भोकाच्या मि.मी.मधल्या व्यासाने भागावे, की मिनिटाचे फेरे मिळतात. ५ मि.मी.ला १६००, १० मि.मी.ला ८००, १२ मि.मी.ला साधारण ६७०, २० मि.मी.ला ४००. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्म्याहून थोडे कमी आणि ॲल्युमिनियमला दुपटीहून जास्त फेरे ठेवावेत. कपाटाच्या हिंजचे ३५ मि.मी.चे भोक लाकडात पाडताना ५०० फेऱ्यांच्या आसपास राहावे, नाहीतर लाकूड काळे पडते आणि बिटाची धार जाते.

मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची असते. तिच्यावरची सर्वांत लहान पुली आणि स्पिंडलवरची सर्वांत मोठी पुली यांचे प्रमाण साधारण एकास तीन असेल, तर स्पिंडलचा किमान वेग ४८० फेरे निघतो. दोन पुल्यांच्या बहुतेक मशीनची मर्यादा ही आहे. १३ मि.मी.च्या भोकाला ती चालते. पण पत्र्यात ५० मि.मी.चे होल सॉ चालवायचे, तर हिशेबाने १६० फेरे हवेत. ४८० फेऱ्यांवर होल सॉचे दात दोन-तीन भोकांत निळे पडून बोथट होतात. कूलरचे पत्रे, पाण्याच्या टाकीला बसवायचे नळ अशी कामे करणाऱ्याने मध्ये तिसरी पुली असलेले मशीन पाहावे. त्यात किमान वेग बराच खाली येतो. बेल्टऐवजी व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्हने वेग बदलणारी मशीनही आता मिळतात आणि ती सोयीची आहेत. मात्र ड्राइव्हने वेग खूप उतरवला तरी मोटरचा पीळ तेवढाच राहतो. पुलीने वेग उतरवला की पीळ वाढतो. मोठ्या भोकांसाठी पुलीचाच उपाय खरा.

वेग बदलायचा म्हणजे वरचे झाकण उघडून बेल्ट एका पायरीवरून दुसरीवर सरकवायचा. हे काम कंटाळवाणे असेल तर माणूस ते टाळतो आणि सगळी भोके एकाच वेगावर पाडून बिटे जाळतो. म्हणून दुकानातच झाकण उघडून, मोटर सैल करून, बेल्ट एकदा बदलून पाहावा. पुल्या एका पातळीत आहेत का, त्या बिडाच्या आहेत का, तेही त्याच वेळी दिसते. बेल्ट ए सेक्शनचा, म्हणजे १३ मि.मी. रुंदीचा असेल तर तो शेतीची यंत्रे विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतो. विचित्र मापाचा बारीक बेल्ट असेल तर तो तुटल्यावर पार्सलची वाट पाहत बसावे लागते.

मोटर आणि वीज या विषयात मराठवाड्याच्या वाचकांनी थोडे अधिक लक्ष घालायला हवे. १३ मि.मी.च्या मशीनला अर्धा हॉर्सपॉवर पुरतो आणि २० मि.मी.ला एक हॉर्सपॉवर. मोटर इंडक्शन प्रकारची, कॉपर वाइंडिंगची आणि पूर्ण बंद, वर पंखा असलेली घ्यावी. उघड्या जाळीच्या मोटरीत काळ्या मातीची धूळ आणि सोयाबीनचा भुसा शिरतो, त्यात लोखंडाचा चुरा मिसळला की वाइंडिंग खराब होते. शिवाय मोटरची क्षमता सर्वसाधारणपणे भोवतालचे तापमान ४० अंश धरून ठरवलेली असते. नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. अशा दिवसांत तीच मोटर तेवढाच वेळ सलग चालवू नये. पाच-सात भोकांनंतर थांबावे, किंवा काम सकाळी उरकावे.

व्होल्टेजचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो. मोटरचा सुरुवातीचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर पीळ जवळपास ४० टक्क्यांनी कमी होतो. मग मोटर गुणगुणते पण फिरत नाही आणि त्या काही सेकंदांत कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळते. यात पुरवठ्याइतकाच दोष पुष्कळदा बारीक तारेच्या लांब एक्स्टेंशन बोर्डचा असतो. ड्रिल मशीनसाठी मीटरपासून २.५ चौरस मि.मी. तांब्याची स्वतंत्र तार ओढावी, १६ अँपिअरचा तीन पिनी सॉकेट लावावा, अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून मोजून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नये. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि ती उपकरणे तेवढ्यासाठी बनवलेली नसतात.

थ्री-फेज मोटर स्वस्त, साधी आणि टिकाऊ असते, पण घरात थ्री-फेज नसेल तर तिचा मोह धरू नये. शेतावरच्या पंपाच्या जोडणीवर मशीन लावावे असे काहींच्या मनात येते. तो पुरवठा ठराविक तासांचाच असतो आणि शेतीपंपासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा कायद्याने अनधिकृत वापर ठरतो. थ्री-फेज मोटरचे चांगले जुने मशीन हाती आलेच, तर माहीतगार वायरमनकडून मोटर डेल्टामध्ये जोडून, सिंगल-फेजवर चालणारा ड्राइव्ह बसवता येतो. मोटरची सहाही टोके बाहेर काढलेली आहेत का, हे त्यासाठी आधी पाहावे लागते.

स्विचबद्दल तडजोड करूच नये. वीज गेली की आपोआप सुटणारा आणि वीज परत आली तरी हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच असलेले मशीनच घ्यावे. त्याला नो-व्होल्ट रिलीज म्हणतात. भोक पाडताना वीज गेली, माणूस बिट सोडवायला चकमध्ये हात घालतो आणि तेवढ्यात वीज येते, हा प्रसंग आपल्या भागात कल्पनेतला नाही. मशीनवर साधा वर-खाली बटणाचा स्विच असेल तर घेतल्या दिवशीच तो बदलून घ्यावा. खर्च थोडा आहे.

चक आणि टेपर यांबद्दल थोडक्यात. स्पिंडलच्या टोकाला मोर्स टेपरचे निमुळते भोक असेल तर ती चांगली खूण आहे. ही पद्धत अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांच्या नावाने ओळखली जाते. आजच्या पिळदार बिटाचे पेटंटही त्यांनीच १८६३ मध्ये घेतले होते. दोन नंबरच्या मोर्स टेपरमध्ये १४ ते २३ मि.मी.ची निमुळत्या दांड्याची बिटे चक काढून थेट बसवता येतात, म्हणजे पुढे मोठ्या भोकांची वाट उघडी राहते. चक चावीचा घ्यावा. तिन्ही जबडे एकाच वेळी सारखे मिटतात का आणि दीड-दोन मि.मी.चे बिट मध्यभागी घट्ट धरले जाते का ते पाहावे. सर्किट बोर्डाच्या कामाला त्याहून बारीक पकड लागते, त्यासाठी वेगळा लहान चक घ्यावा.

खरेदी कुठे करावी? नांदेड आणि लातूरच्या हार्डवेअर बाजारात राजकोट, लुधियाना, बटाला इथली देशी मशीन आणि आयात केलेली हलकी मशीन दोन्ही मिळतात. निवड जास्त हवी तर पुणे किंवा हैदराबादला जावे लागते. हैदराबादशी आपला व्यवहार जुना आहे. १९५६ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद राज्यातच होता आणि सिकंदराबादला १९४३ मध्ये प्रागा टूल्सचा मशीन टूल कारखाना सुरू झाला होता. तिथल्या रानीगंजच्या बाजारात आजही नवी-जुनी मशीन एका रस्त्यावर पाहायला मिळतात. ऑनलाइन मागवलेले मशीन स्वस्त पडते, पण वर सांगितलेल्या तपासण्या त्यावर आधी करता येत नाहीत आणि जड खोका परत पाठवणे सोपे नसते. घरातला मुलगा किंवा मुलगी आयटीआयच्या फिटर ट्रेडला असेल तर त्यांना आणि जमल्यास त्यांच्या निदेशकांना सोबत घ्यावे. रोज बिडाच्या मशीनवर काम करणाऱ्या हाताला हलके मशीन लगेच ओळखू येते.

जुने मशीन घेण्यात काही वावगे नाही. उलट तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे बीड पुष्कळदा अधिक जाड आणि मुरलेले असते. जुन्यात पायाला किंवा डोक्याला तडा गेला आहे का, वेल्डिंग करून सांधले आहे का, ते आधी पाहावे. सांधलेले बीड घेऊ नये. टेबलावर बिटाने पाडलेले खड्डे असतील तर आधीचा मालक निष्काळजी होता, एवढे कळते; त्याने काम अडत नाही. हँडलच्या दातेरी पट्टीचे दात झिजले आहेत का, हँडल सोडल्यावर स्प्रिंग चक वर नेते का, बेअरिंगचा घरघर आवाज येतो का, हे पाहावे. बेअरिंग साध्या नंबरची असतील तर ती मिळणे आणि बदलणे अवघड नाही. मूळ कंपनी बंद पडली असली तरी बेल्ट, बेअरिंग, चक आणि मोटर ठरीव मापाची असतील तर बिनधास्त घ्यावे. नव्या मशीनचे पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घ्यावे, जुन्याची निदान सही केलेली पावती.

सगळे पैसे मशीनवर खर्च करू नयेत. बजेटचा चौथा हिस्सा तरी बाजूला ठेवावा, तो ड्रिल व्हाइस, चांगली बिटे आणि गॉगल यांसाठी. अनोळखी कंपनीच्या तीस बिटांच्या संचापेक्षा नामांकित कंपनीची ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ मि.मी.ची सात बिटे जास्त काम देतात. १२ मि.मी.चे भोक पाडताना आधी चार मि.मी.चे पाडून घेतले की मोठ्या बिटाच्या मधल्या बोथट भागाला जोर लावावा लागत नाही आणि अर्ध्या हॉर्सपॉवरचे मशीनही आरामात चालते.

बसवण्याची जागा आधी ठरवावी. मराठवाड्यातल्या घरांत ओट्यांना आणि बेंचना शहाबादी फरशी असते. तिच्यावर मशीन बोल्टने आवळले तर थरथरीने ती तडकते. ५० × ५० × ५ च्या अँगलची चौकट करून वर दोन इंच जाड सागवानी किंवा बाभळीची फळी टाकावी आणि मशीनच्या पायातल्या भोकांतून फळीला आरपार बोल्ट मारावेत. बेंच भिंतीलाही बांधावे. चकचे टोक उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला यावे, म्हणजे हँडल ओढताना खांदा उचलावा लागत नाही आणि भोक डोळ्यांसमोर राहते. पावसाळ्यात उघड्या बिडावर चार दिवसांत गंज चढतो, तेव्हा काम संपल्यावर टेबलावर आणि कॉलमवर तेलाचे फडके फिरवावे. स्पिंडलच्या नळीलाही दर महिन्याला थोडे तेल द्यावे.

मशीन आले की पहिल्या दिवसापासून काही सवयी घरातल्या सगळ्यांना लावाव्या लागतात. या मशीनवर हातमोजे घालू नयेत. फिरते बिट हातमोजा धरते आणि हात ओढून नेते. गळ्यातले उपरणे, ओढणी, पदर, लांब वेणी बांधून किंवा खोचून मगच मशीनसमोर उभे राहावे. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. हातातले कडे श्रद्धेचा भाग असेल आणि काढायचे नसेल, तर ते मनगटावरून वर सरकवून घट्ट बाहीखाली दाबून घ्यावे. चकची चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झाले तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून चावी हातातून सुटली की स्वतःच बाहेर पडेल अशी स्प्रिंगची चावी मिळते, ती घ्यावी.

बिट पलीकडे बाहेर पडण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा. त्या वेळी बिटाची धार उरलेल्या पातळ थरात अडकते आणि वस्तूलाच फिरवते. हाताने धरलेली पट्टी अशा वेळी फिरत्या पात्यासारखी बोटांवर येते. वस्तू नेहमी व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने धरावी आणि व्हाइस टेबलाला बोल्टने आवळावा. पातळ पत्रा लाकडी फळीवर ठेवून, वरून दुसऱ्या फळीने दाबून मगच भोक पाडावे. शेवटचे दोन मि.मी. राहिले की हँडलवरचा दाब निम्म्यावर आणावा. लोखंडाचा लांब पिळदार चुरा हाताने ओढू नये. मशीन बंद करून ब्रशने झाडावा. व्हाइसला टेबलावर आवळण्यासाठी टेबलात लांबट खाचा लागतात, त्या किती आहेत आणि व्हाइसच्या भोकांशी जुळतात का, हे मशीन घेतानाच व्हाइस त्यावर ठेवून पाहून घ्यावे.